पान ४१

निवृत्त शिक्षकाचा कवितासंग्रह हातात आला की लोक आधी त्याची जाडी बघतात आणि मग घड्याळ. या थट्टेत थोडं तथ्य आहे, पण थोडंच. मराठीत शाळेचं आणि कवितेचं नातं जुनं आहे. सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ १८५४ साली निघाला. केशवसुत पोटासाठी मास्तरकी करत राहिले, १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले, आणि त्यांचं पुस्तक निघायला १९१७ उजाडलं, तेही हरि नारायण आपट्यांनी मनावर घेतलं म्हणून. नारायण सुर्वे आधी शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. ही सगळी यादी माझी नव्हे. आमच्या गुरुजींच्या संग्रहाला प्राध्यापक महाशयांनी जी प्रस्तावना लिहिली, तिच्या पहिल्या दोन पानांतली आहे. तिसऱ्या पानावर त्या यादीच्या शेवटी गुरुजींचं नाव होतं. गुरुजी ते पान वाचून बराच वेळ चष्मा पुसत होते.

गुरुजी अंबाजोगाईचे. मुकुंदराज आणि दासोपंतांच्या गावात राहून कविता न करणं अवघडच. दासोपंतांना रोज एक ढब्बू पैशाची शाई लागायची असं सांगतात; कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी पासोडीवर लिहिलं. गुरुजी पाठकोऱ्या प्रश्नपत्रिकांवर लिहायचे. छत्तीस वर्षांच्या नोकरीत दोन ट्रंका भरल्या.

त्यांची जन्मतारीख १ जून. आपल्याकडच्या कितीतरी खेडुतांची जन्मतारीख १ जूनच असते, कारण शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला तारीख सांगता येत नसे आणि मास्तरांना रकाना रिकामा ठेवता येत नसे. साल १९६२. त्या हिशेबाने ते ३१ मे २०२० ला निवृत्त झाले. टाळेबंदी चालू होती. शाळेला कुलूप, ना निरोप समारंभ, ना शाल, ना नारळ. किल्ल्या त्यांनी एका शिक्षकाच्या दारात सॅनिटायझर मारून ठेवल्या आणि घरी आले. तो दिवस त्यांच्या मनात राहून गेला होता. कवितासंग्रहाचं प्रकाशन म्हणजे खरं तर तो राहिलेला निरोप समारंभ, हे काकूंना कळत होतं, म्हणूनच ग्रॅच्युइटीतली रक्कम मोडायला त्यांनी नाही म्हटलं नाही.

डेमी आकार, ९६ पानं, म्हणजे सहा फर्मे. एका फर्म्यात १६ पानं बसतात, त्यामुळे प्रेसवाला पानांची भाषा बोलत नाही, फर्म्यांची बोलतो. दोन ट्रंकांतून सहा फर्मे निवडणं हे गुरुजींना दहावीच्या निकालापेक्षा जड गेलं. मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडे होतं. कविता बऱ्या होत्या. पावसाच्या दोन तर चांगल्याच होत्या. बाकी आई, माती, खडू, फळा. पण पान ४१ वरची ‘हजेरी’ वेगळी होती. प्राध्यापकांनी प्रस्तावनेत तिला ‘या संग्रहाचं काळीज’ म्हटलं होतं आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती.

ती समजायला एक जुनी गोष्ट माहीत हवी. आता शाळेत खिचडी शिजते, पण १५ ऑगस्ट १९९५ ला ही योजना सुरू झाली तेव्हा शिजलेलं अन्न नव्हतं, कोरडा तांदूळ मिळायचा. महिन्याला तीन किलो, आणि ज्याची हजेरी ८० टक्के भरेल त्यालाच. गुरुजी तेव्हा धारूर तालुक्यातल्या एका वाडीवर होते. दसरा झाला की अर्धी वाडी ऊसतोडीला निघायची, कोल्हापूर, सांगली, कर्नाटक, ती हंगामाचा पट्टा पडल्यावर गुढीपाडव्याच्या आगेमागे परतायची. एक पोरगा तिसरीत होता. आईबापाबरोबर तोही जायचा. मागे घरी म्हातारी आजी. कवितेत गुरुजी त्याचं नाव पुकारतात, वर्गातून उत्तर येत नाही, पटांगणातली लिंबाची सावली हलते, आणि गुरुजींचं पेन त्याच्या नावापुढे हजर अशी खूण करतं. महिनाअखेरीला आजी पिशवी घेऊन येते. तांदूळ मोजला जातो. शेवटच्या कडव्यात देव वरून बघतो आणि तोही त्या वहीवर सही करतो. मुद्रितं वाचताना माझेही डोळे भरून आले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

गुरुजींच्या डोक्यात एक बेत आला. प्रकाशन ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला ठेवायचं आणि त्या दिवशी या मुलाला व्यासपीठावर बोलवायचं. अध्यक्षांच्या हस्ते त्याचा सत्कार. कविता वाचून झाली की सांगायचं, हाच तो.

दसऱ्याच्या आधी आम्ही माझ्या मोटारसायकलवरून वाडीवर गेलो. मुलगा आता पस्तिशीकडे झुकलेला गडी. पत्र्याच्या घरापुढे कोयत्यांना धार लावत बसला होता. यंदाची उचल घेऊन झाली होती, दिवाळीआधी गाडी निघणार होती. गुरुजींना बघून तो उठला, पाया पडला, बाज टाकली, आत चहाचं सांगितलं. गुरुजींनी पिशवीतून मुद्रिताचं पान काढून त्याच्या हातात दिलं.

“तुझ्यावर लिहिलंय बाबा. वाच.”

त्याने पान दोन्ही हातांत धरलं, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि दारात उभ्या पोरीला हाक मारली. “ये गं. वाच जरा मोठ्यानं.”

आठवीतली पोर. तिने वाचलं, आणि छान वाचलं, स्वल्पविरामाला थांबून, आवाज कुठेही न रडवता. गुरुजी मान डोलवत होते. लेकीच्या तोंडून ऐकायची हौस आहे याला, असं त्यांना वाटलं असणार. मलाही तेच वाटलं.

“चांगलं लिहिलंय गुरुजी,” तो म्हणाला. मग चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवत, हवापाण्याच्या गोष्टी कराव्यात तसं म्हणाला, “मला वाचता येत न्हाई.”

गुरुजी म्हणाले, “असं कसं? चौथी पास आहेस तू. मीच दाखला दिलाय.”

“हाय की दाखला. पेटीत हाय. चारी वर्सं पास हाय मी.” त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच ऐकायला अवघड होतं. “तुमी वाईट केलं असं म्हणत न्हाई म्या. त्यो तांदूळ आजीनं खाल्ला. आमी उसात, घरात दाणा न्हाई, म्हातारी त्याच्यावरच जगली. खोटं कशाला बोलू? पर हजेरीत मी होतो ना गुरुजी. पाच-पाच म्हैने वर्गात होतो. मग मला हुडकायला कोण येणार?”

गुरुजी काही बोलले नाहीत.

“तिकडं मी वाढं गोळा करायचो, मोळ्या उचलायचो, रात्री गाडी भरताना कंदील धरायचो. पर मुकादमाच्या वहीत माझं नाव न्हवतं, लेकरू म्हणून. काम तिथं केलं अन् हजेरी हितं लागली.” तो हसला. “मुकादमाच्या वहीत खोटं चालत न्हाई बघा. आजारी पडा, कायबी व्हवो, खाडा म्हंजी खाडा. पैसे कापत्यात. लई राग येतो. पर तुमी न्हाई म्हटल्यावर तुमचं नाव घेऊन इचारायला तरी येत्यात, का आला न्हाई म्हणून.”

पोरगी अजून पान धरून उभी होती. तिच्याकडे बोट करून तो म्हणाला, गेल्या साली हिला ताप आला होता, पाच दिवस घरी होती. शाळेतून फोन नाही, निरोप नाही. तो सांगलीकडे होता. फोनवर कळलं तसा त्याने शाळेत फोन लावला, तर तिकडून प्रेमाने उत्तर आलं, काळजी करू नका, आम्ही हजेरी लावलीय तिची. “म्हणलं, बाई, न्हाई तर न्हाई लिवा. पोरगी हाय तिथंच हाय असं दिसू द्या. त्यांना राग आला. म्हणल्या, तुमच्या भल्यासाठीच करतो.”

व्यासपीठावर येण्याचा विषय गुरुजींनी काढलाच नाही. निघताना ते म्हणाले, “तू पाडव्याला परत आलास की माझ्याकडे ये. महिन्याभरात वाचायला शिकवतो तुला.”

“आता माझं ऱ्हाऊ द्या. औंदा वाडीतली सात लेकरं चाललीत. समदी पटावर हायत. जमलं तर त्यांचं बघा.”

गुरुजींनी मान हलवली. लोक मान हलवतात तशीच.

घाट उतरून आल्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि प्रेसमध्ये फोन केला. पहिले दोन फर्मे छापून झाले होते. पान ४१ तिसऱ्या फर्म्यात येत होतं, ते अजून मशीनवर चढलं नव्हतं. ती कविता काढायची, गुरुजींनी सांगितलं. प्रेसवाला भला माणूस. म्हणाला, काढा, पण दुसरी द्या लवकर, तुमच्याकडे काय तोटा आहे? गुरुजी म्हणाले, दुसरी नको, एकाच्या जागेवर दुसऱ्याला बसवायचं हेच तर आयुष्यभर केलं. पान कोरं सोडा. प्रेसवाल्याला यातलं काही कळलं नाही, पण कोऱ्या पानाला शाई लागत नाही एवढं त्याला कळलं.

अडचण पहिल्या फर्म्याची होती. प्रस्तावना आणि अनुक्रमणिका त्यातच. म्हणजे अनुक्रमणिकेत ‘हजेरी, ४१’ असं छापलेलं, प्रस्तावनेत तिच्यावर सव्वा पान, आणि पुस्तकात ती नाहीच. फर्मा पुन्हा छापायचा तर कागदासकट खर्च, आणि काकूंनी त्याला स्पष्ट नकार दिला. मग बांधणी होऊन तीनशे प्रती घरी आल्या, तेव्हा गुरुजींनी लाल पेन काढलं आणि एकेका प्रतीत अनुक्रमणिकेतल्या त्या ओळीपुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘गैरहजर’. आठवडा गेला. काकू म्हणाल्या, पोरांच्या वह्या संपल्या म्हणून सुटले असं वाटलं होतं, आता स्वतःची वही तपासत बसलेत.

प्रकाशनाला वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. बहुतेक शिक्षक, काही निवृत्त, काही नोकरीतले, आणि गुरुजींचे विद्यार्थी. प्राध्यापक महाशय ऐनवेळी पोचले. नवी प्रत त्यांनी उघडून पाहिली नव्हती. प्रस्तावना लिहिणाऱ्याला पुस्तक माहीतच असतं असा समज असतो. ते सावित्रीबाईंवरून केशवसुतांवर आणि तिथून ‘हजेरी’वर आले आणि त्या कवितेवर रंगून बोलले. लोकांनी पान ४१ काढलं. कुजबूज झाली. शेवटी पहिल्या रांगेतला एक जण उठून म्हणाला, “सर, पान कोरं आहे.” प्राध्यापकांनी प्रत उघडली, पान पाहिलं, आणि मानलं पाहिजे, क्षणभरच गडबडले. म्हणाले, “हा कोरेपणाच आजच्या कवितेचा सर्वांत मोठा उद्गार आहे.”

गुरुजी उठले. त्यांनी तांदळापासून दाखल्यापर्यंत सगळं सांगितलं, न सजवता. पाच मिनिटं लागली असतील. बसले तेव्हा टाळ्या पडल्या, आणि त्या संध्याकाळी कुठल्याही कवितेला पडल्या नव्हत्या इतक्या पडल्या. एक बाई पदराने डोळे टिपत होत्या. वार्ताहराने कोऱ्या पानाचा फोटो काढला. नोकरीतला एक शिक्षक मात्र चहाच्या वेळी त्यांच्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “कशाला काढलंत जुनं? आमच्या चौकशा लागतील.” शाल गुरुजींच्या खांद्यावर होती. नारळही मिळाला होता.

पुस्तकाची एक प्रत वाडीवर पोस्टाने गेली. आठवड्याने पोरीचा फोन आला, मी शेजारीच होतो. गुरुजींनी स्पीकर चालू केला, कौतुक मलाही ऐकवावं म्हणून असेल. तिने आधी सांगितलं की पुस्तकाचे एकशेवीस रुपये फोनपेवर टाकलेत. पप्पा म्हणाले, फुकटचं एकदा झालंय. मग, पावसाच्या दोन कविता आवडल्या. पान ७७ वर ‘दुष्काळ’ मधला षटकोनातला ष चुकून श पडलाय. (ती चूक माझी.) मग म्हणाली,

“गुरुजी, वर्तमानपत्रात तुमच्या कोऱ्या पानाचा फोटो आला होता. पप्पांना फोनवर सांगितलं. पप्पा म्हणाले, बरं झालं. पण ते विचारत होते, त्या सात लेकरांचं काय झालं?”

गुरुजी म्हणाले, “बघतो बेटा.”

“ते निघाले तेव्हा शाळेनं काहीच कागद दिला नव्हता. अजून हजेरी लागते त्यांची. मी बघून आले.”

फोन ठेवल्यावर गुरुजींनी खुंटीवरची शाल घडी करून कपाटात टाकली आणि मला विचारलं, उद्या गाडी मोकळी आहे का.

वाडीच्या शाळेत दोन शिक्षक, चार इयत्ता. मुख्याध्यापक बाई गुरुजींना ओळखत होत्या. त्या वाईट नव्हत्या, मुलांवर जीव होता त्यांचा. गुरुजींनी सरळ विषय काढला. स्थलांतर करणाऱ्या मुलाला गावच्या शाळेने शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं. ते दाखवलं की टोळी जिथे उतरेल तिथल्या शाळेने त्याला वर्गात बसवून घ्यायचं. मूल इथे हजर असेल तर कार्ड कसं निघणार? एक मूल दोन गावांत कसं असेल?

बाई म्हणाल्या, “सर, तुम्ही निवृत्त झालात, तुम्हाला बोलायला सोपं आहे. पट तेवीस. वीसच्या आत गेला की शाळा बंद करायच्या गोष्टी सुरू होतात. शाळा गेली तर राहिलेली सोळा पोरं घाट उतरून जाणार का?”

“कार्ड दिल्याने नाव कटत नाही. पट तोच राहतो.”

“मग दिवाळीपासून आजवरच्या हजेरीचं काय सांगू? केंद्रप्रमुख विचारतील, आज सात जण एकदम कुठे गेले? आहाराचा हिशेब कोण देणार?”

याला गुरुजींकडे उत्तर नव्हतं. खरं लिहायचं तर आधी लिहिलेलं खोटं होतं हे कबूल करावं लागतं, आणि ते कविता काढून टाकण्याइतकं स्वस्त नसतं, कारण बाईंची नोकरी अजून चौदा वर्षं उरलेली होती. गुरुजी त्या दिवशी तसेच परत आले. सोमवारी पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला त्यांनी केंद्रप्रमुखांना सोबत नेलं. ते त्यांचेच जुने सहकारी. तिथे त्यांनी सांगितलं, ही पद्धत या शाळेत मी पाडली. बाई माझ्यानंतर आल्या, त्यांना वही अशीच मिळाली. हे लिहून हवं असेल तर लिहून देतो. केंद्रप्रमुख म्हणाले, लिहून वगैरे नको, पुढचं बघू. आपल्याकडे बऱ्याच गोष्टी या ‘पुढचं बघू’वर सुटतात आणि तितक्याच अडकतात. यावेळी सुटलं.

सातांपैकी चार कार्डं निघाली. चौघेही सांगली जिल्ह्यात एकाच टोळीत होते. गुरुजींनी कार्डं स्वतः नेऊन दिली, कारखान्याच्या तळावर एक रात्र कोपीत काढली, आणि जवळच्या शाळेत चौघांना बसवून आले. त्यातल्या दोघांना अक्षरओळख शून्य आहे असं तिथल्या सरांनी फोनवर कळवलं, जरा रागानेच. गुरुजी म्हणाले, बरोबर आहे, तसंच लिहा.

तीन उरलीत. एक पोरगी कोपीत धाकट्या भावाला सांभाळते. ती शाळेत गेली तर आईचा कोयता अर्धा होतो, आणि त्यावर कुठलं कार्ड चालत नाही. दोघे बेळगावकडच्या कारखान्यावर आहेत, जवळची शाळा कन्नड. त्या भागातल्या मराठी शाळांचे नंबर गुरुजी शोधताहेत. एका शाळेने होय म्हटलंय, पण ती तळापासून सात किलोमीटरवर आहे आणि पोरांना कोण नेणार हा प्रश्न आहे. ट्रॅक्टरवाल्याशी बोलणं चालू आहे.

संग्रहाच्या दीडशे प्रती अजून बाजेखाली आहेत. परवा प्राध्यापकांचा फोन आला, दुसऱ्या संग्रहाचं काय, प्रस्तावना मीच लिहिणार. गुरुजी म्हणाले, आत्ता नको सर, एप्रिलमध्ये त्या चौघांची परीक्षा आहे, त्यातल्या एकाला अजून जोडाक्षर जमत नाहीये.